कोकणातल्या तीन शाखा, सर्व्हर एक: पावसाळ्यात लाइन टिकवायची कशी आणि टॅली पळवायचं कसं?

मिरजोळे_काजू

नमस्कार मंडळी. मुख्य ऑफिस आणि सर्व्हर रत्नागिरीला मिरजोळे एमआयडीसीत. शाखा तीन: वेंगुर्ल्याला काजू कारखाना, देवगडला आंबा-काजूचं खरेदी केंद्र, वाशीला मार्केट यार्डाजवळ गोदाम. टॅली आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर मिरजोळ्याच्या सर्व्हरवर आहे. शाखा एल२टीपी व्हीपीएनने (इंटरनेटवरच्या खासगी बोगद्याने) जोडल्यात, सर्व्हरचा फोल्डर नेटवर्क ड्राइव्ह म्हणून दिसतो आणि टॅली शाखेतल्या पीसीवर चालतं.

देवगड सोडून सगळीकडे दोन-दोन कंपन्यांची फायबर ब्रॉडबँड आणि दोन्ही लाइनी घेणारा मायक्रोटिकचा राउटर आहे. देवगडला फायबर एकच. अडचणी अशा:

१. स्पीड टेस्ट १०० एमबीपीएस दाखवते, पण वेंगुर्ल्याहून एक व्हाउचर सेव्ह व्हायला १५-२० सेकंद. ऑफिसात तेच लगेच होतं.
२. व्हीपीएनमधून छोट्या फाइली जातात, मोठी पीडीएफ अर्ध्यात अडकते. एरर काहीच येत नाही.
३. वेंगुर्ल्याच्या दोन्ही लाइनी पावसात एकदमच जातात.
४. कधी एकच लाइन मेलेली असते, तरी राउटर दुसरीवर उडी मारत नाही. ओएनटीचे (आपल्याकडे फायबर येऊन जोडली जाते त्या डब्याचे) दिवे हिरवे असतात.
५. वळवाच्या पावसात वीज चमकली की ओएनटी किंवा स्विचचे पोर्ट जळतात.

चारही ठिकाणी लीज्ड लाइन (फक्त आपल्यासाठी राखलेली भाड्याची लाइन) परवडणारी नाही. पैसा नेमका कुठे घालावा?

---

ओएफसी_कुडाळ

३ पासून सुरुवात करतो, कारण ते सुटल्याशिवाय बाकीचं करून उपयोग नाही. दोन कंपन्यांची बिलं येतात म्हणजे दोन वाटा आहेत असं धरू नका. तालुक्याच्या गावात शेवटचे काही किलोमीटर पुष्कळदा एकाच स्थानिक केबलवाल्याचे असतात. दोन्ही कंपन्यांच्या केबली त्याच खांबांवरून येतात, त्याच माडांना टेकतात, पुलावर त्याच कठड्याला बांधलेल्या पाइपातून जातात. एक झावळ पडली की दोन्ही गेल्या.

गणित बघा. प्रत्येक लाइन ९९ टक्के वेळ चालू, म्हणजे महिन्याला सात तास बंद. दोन्ही खरोखर स्वतंत्र असतील तर एकाच वेळी बंद असण्याचा काळ महिन्याला चार-पाच मिनिटांवर येतो. पण दोघींचा एखादा तुकडा समाईक असेल आणि तो तीन तास तुटला, तर दोन बिलं भरूनही तीन तास काम ठप्पच.

वाट समाईक आहे का हे तपासायला राउटरवरून दोन्ही लाइनींनी वेगवेगळं पिंग (पलीकडून उत्तर येतं का ते बघणारं छोटं पॅकेट) दर पाच सेकंदांनी चालू ठेवा आणि तुटल्याची वेळ लॉगमध्ये जाऊ द्या. दोघींची वेळ मिनिटाला मिनिट जुळली की समजा वाट एक. मग लाइनमनला घेऊन केबल प्रत्यक्ष ओएलटीपर्यंत (केबलवाल्याकडचं यंत्र, जिथून फायबर ओएनटींकडे निघते) बघून या. कंपनीच्या ऑफिसातला नकाशा आणि खांबावरची वस्तुस्थिती वेगळी निघू शकते.

ओएनटीवरचा एलओएसचा लाल दिवा नीट वाचायला शिका. लाल म्हणजे उजेडच पोचत नाही. त्याची कारणं दोन: केबल तुटली, नाहीतर समोरच्या ओएलटीची वीज गेली. गावातली लाइट गेल्यावर दोन-तीन तासांनी लाल लागत असेल, तर केबल शाबूत आहे आणि केबलवाल्याची बॅटरी संपली आहे. दिवे हिरवे आणि इंटरनेट नाही, तर बिघाड ओएलटीच्या पुढे: घाटात, महामार्गाच्या खोदकामात किंवा कंपनीच्या मुख्य नेटवर्कात.

ओएनटीच्या पानावर येणाऱ्या उजेडाची ताकद डीबीएममध्ये दिसते. ती आज, कोरड्या हवेत, लिहून ठेवा. उणे १५ ते उणे २४ असेल तर चांगलं. बहुतेक ओएनटींची सीमा उणे २७ असते. कोरड्यात उणे २१ आणि धो धो पावसात उणे २५ येत असेल, तर कुठल्यातरी जॉइंटच्या डबीत पाणी शिरलंय किंवा ओल्या फांदीच्या भाराने केबल मुरडतेय. हा आकडा हातात घेऊन तक्रार केली की ‘राउटर बंद करून चालू करा’ हे उत्तर मिळत नाही. कनेक्टरचा रंगही बघा. हिरव्याला हिरवाच लागतो. हिरवा आणि निळा जोडला तरी लाइन चालते, पण तीन-चार डीबी तिथेच जातात आणि पावसाळ्यासाठी राखीव काही उरत नाही.

वेंगुर्ल्याला वाट बदलायची तर एक लाइन कुडाळकडून येणारी आणि दुसरी सावंतवाडीकडून येणारी घ्या. त्याहूनही बरं म्हणजे पुढे एक महामार्गाने मुंबईकडे आणि दुसरी आंबोली किंवा फोंडा घाटाने वर जाणारी. सगळा भार राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या कडेने गेलेल्या केबलींवर असेल, तर पोकलेनच्या एका घावात दोन्ही कंपन्या जातात. कंपनीला ‘तुमची वाट कोणत्या घाटाने चढते’ असं विचारा. विक्रीवाल्याला सांगता येत नसेल तर तांत्रिक माणसाला फोनवर घ्यायला लावा.

---

राउटर_आणि_राउटिंग

वरचं सगळं बरोबर. मी १, २ आणि ४ घेतो.

व्हाउचर हळू का? नेटवर्क ड्राइव्हवरून चालणारं टॅली एका सेव्हसाठी सर्व्हरशी शेकडो वेळा देवाणघेवाण करतं: फाइल उघड, कुलूप लाव, वाच, लिही, कुलूप काढ. प्रत्येक वेळी उत्तर येईपर्यंत थांबायचं. पाचशे फेऱ्या धरा. ऑफिसात एक फेरी अर्ध्या मिलिसेकंदाची, म्हणजे पाव सेकंदात काम. वेंगुर्ल्याहून एक फेरी ४० मिलिसेकंदांची, म्हणजे २० सेकंद. इथे १०० ऐवजी ३०० एमबीपीएस घेतलेत तरी सेकंदसुद्धा वाचणार नाही. शिवाय मध्येच लाइन तुटली तर डेटा बिघडण्याची भीती आहेच.

उपाय असा की टॅली सर्व्हरजवळच चालवायचं आणि शाखेतून फक्त पडदा बघायचा, म्हणजे रिमोट डेस्कटॉप. अशा कामाला माणशी २००-३०० केबीपीएस पुरतात आणि लाइन तुटली तरी सेशन सर्व्हरवर जिवंत राहतं. विंडोज सर्व्हरसोबत माणशी आरडीएस (रिमोट डेस्कटॉपचे) परवाने लागतील, तो खर्च धरा. रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट इंटरनेटवर कधीही उघडा ठेवू नका. रॅन्समवेअर आत शिरण्याचा तो राजमार्ग आहे. फक्त व्हीपीएनच्या आतून. आणि प्रिंट शाखेत काढायची असेल तर स्कॅन केलेली जड पीडीएफ रिमोट डेस्कटॉपमधून छापू नका, त्या वेळी सगळ्यांचे पडदे अडखळतात.

४० मिलिसेकंद हाही आकडा तपासा. फायबरमध्ये उजेड किलोमीटरला पाच मायक्रोसेकंद घेतो. तुलनेला रत्नागिरी-मुंबई केबलची वाट ३५० किलोमीटर धरली तरी जाऊन-येऊन साडेतीन मिलिसेकंद होतात. बाकीचे वळणात जातात (पॅकेट आधी दुसऱ्याच शहरात जाऊन परत येतं) किंवा रांगेत. रात्री दोनला आणि दुपारी बाराला एमटीआर (वाटेतल्या प्रत्येक टप्प्याला लागणारा वेळ दाखवणारं साधन) चालवा. रात्री १२ मिलिसेकंद आणि दुपारी ४० मिलिसेकंद असेल तर रांग आहे, आणि ती बहुधा तुमच्याच राउटरपाशी आहे. कारखान्याचे १६ कॅमेरे दोन-दोन एमबीपीएसने बाहेर जात असतील तर अपलोडचे ३२ तिथेच संपले. एमटीआर वाचताना एक काळजी घ्या: मधल्या एका टप्प्यावर लॉस (पॅकेटं हरवणं) दिसतो आणि पुढच्या टप्प्यांवर नाही, तर तो लॉस नव्हे. तो राउटर पिंगला उत्तर द्यायला कंटाळा करतोय इतकंच. शेवटपर्यंत टिकणारा लॉसच खरा.

रांगेवर औषध: राउटरओएस ७ (मायक्रोटिकच्या राउटरमधली प्रणाली) मध्ये ‘केक’ किंवा ‘एफक्यू-कोडेल’ रांग लावा आणि मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ९० टक्के ठेवा, अपलोडला आणि डाउनलोडला वेगवेगळी. मग रांग तुमच्या राउटरात राहते आणि व्हाउचरचं छोटं पॅकेट कॅमेऱ्याच्या मागे अडकत नाही. फास्टट्रॅक (पॅकेट झटपट पुढे ढकलणारी सोय) चालू असेल तर मात्र पॅकेट सिम्पल क्यूला, म्हणजे या रांगेला, वळसा घालून जातं आणि काहीच फरक दिसत नाही. ते बंद करा आणि सीपीयू किती चढतो ते बघा.

खरा लॉस असेल तर तो वेग कसा खातो तेही लक्षात घ्या. ५० मिलिसेकंदांच्या लाइनवर एक टक्का लॉस असला की जुन्या पद्धतीचं एकटं टीसीपी कनेक्शन तीन एमबीपीएसच्या वर जात नाही, प्लॅन कितीही मोठा असो. तोच लॉस ०.०१ टक्का असेल तर २८ पर्यंत जातं. म्हणून प्लॅन वाढवण्याआधी लॉस काढा.

पीडीएफ अडकते ते एमटीयूमुळे, म्हणजे एका पॅकेटच्या आकाराच्या कमाल मर्यादेमुळे. पीपीपीओई लाइनचा एमटीयू १४९२ असतो, त्यात एल२टीपी आणि आयपीसेक आपापले हेडर चढवतात. मोठं पॅकेट मावत नाही, ‘तुकडे कर’ असा आयसीएमपी निरोप वाटेत कुणाच्या तरी फायरवॉलने गिळलेला असतो, आणि पाठवणारा तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. तपासणी: तुकडे न करण्याचा पर्याय लावून पिंग करा, साध्या लाइनवर १४६४ बाइटपर्यंत जायला हवं. मग व्हीपीएनच्या आतून आकडा कमी करत जा. जिथे उत्तर यायला लागेल त्यात २८ मिळवले की बोगद्याचा एमटीयू मिळाला. त्यातून ४० वजा करून टीसीपी एमएसएस (एका पॅकेटमधल्या डेटाची मर्यादा) मँगलमध्ये (राउटरमधल्या पॅकेटांवर खूण किंवा बदल करायच्या नियमांत) बांधून टाका. मोजायला वेळ नसेल तर एमएसएस १३६० ठेवा, जवळपास सगळीकडे चालतं.

राउटर उडी मारत नाही कारण तो फक्त शेजारचा गेटवे जिवंत आहे का बघतो, आणि बिघाड त्याच्या पुढे असतो. रिकर्सिव्ह रूट करा: पहिल्या लाइनची तपासणी १.१.१.१ वर, दुसरीची ८.८.८.८ वर, म्हणजे पार पलीकडचं टोक दिसतंय का ते कळेल. मायक्रोटिकचं चेक-गेटवे दहा सेकंदांनी पिंग करतं आणि दोन चुकली की वाट सोडतं, म्हणजे वीस सेकंद. तेवढे चालतात. परत येण्याची मात्र घाई नको. पहिली लाइन सलग पाच मिनिटं नीट चालल्याशिवाय तिच्यावर परतू नका, नाहीतर पावसात दिवसभर टोलवाटोलवी चालते.

आता मुख्य बदल. सगळ्या शाखा मिरजोळ्याच्या एका पत्त्यावर येतात, म्हणजे मिरजोळं पडलं की वाशीसुद्धा पडते. मुंबईच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये छोटं व्हर्च्युअल मशीन (भाड्याचा सर्व्हर) घ्या, एक कोअर आणि एक जीबी रॅम पुरे, आणि त्यावर वायरगार्ड (व्हीपीएनचाच एक प्रकार) चालवा. मिरजोळं आणि तिन्ही शाखा बाहेरून तिथे येतील. कुठेच स्टॅटिक आयपी (न बदलणारा पत्ता) लागत नाही आणि कंपनीने १००.६४ पासून सुरू होणारा सामायिक पत्ता दिला असला तरी अडत नाही. प्रत्येक ठिकाणाहून प्रत्येक लाइनवरून एक, असे दोन बोगदे करा: एक ५१८२० पोर्टवर, दुसरा ५१८२१ वर. मँगलच्या आउटपुट साखळीत पोर्ट बघून कोणता कोणत्या लाइनने जायचा ते ठरवून टाका. हे केलं नाही तर लाइन बदलल्यावर जुनी कनेक्शन-नोंद बोगद्याला मेलेल्या लाइनवरच धरून ठेवते. इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. एमटीयू १४२०, कीप-अलाइव्ह २५ सेकंद. आतले पत्ते बदलत नसल्यामुळे रिमोट डेस्कटॉप काही क्षण थिजून पुन्हा चालू होतो.

---

सड्यावरचा

५ बद्दल. मिरजोळं सड्यावर, जमीन जांभ्याची. एप्रिल-मे मध्ये जांभा खडखडीत वाळतो आणि अर्थिंगचा रोध चढतो, आणि वळवाच्या विजा नेमक्या त्याच दिवसांत. पावसाळ्यात मोजलेलं अर्थिंग उन्हाळ्यात खरं नसतं. मे महिन्यात अर्थ टेस्टरने मोजून घ्या, पाच ओहमच्या आत हवं. जास्त असेल तर बेंटोनाइट भरून दुसरा खड्डा घ्या आणि दोन्ही खड्डे तांब्याच्या पट्टीने जोडा. वीज, टॉवर आणि नेटवर्क रॅकचं अर्थिंग तुटक ठेवू नका. वेगवेगळ्या खड्ड्यांमध्ये व्होल्टेजचा फरक तयार होतो आणि तो लॅन केबलमधून वाट काढतो. तुमचे पोर्ट बहुधा असेच जळत असणार.

फायबर वीज नेत नाही, पण खांबावरून येणाऱ्या ड्रॉप केबलमध्ये आधाराला पोलादी तार असते. ती तार भिंतीबाहेरच हुकाला बांधून कापायची. ओएनटीपर्यंत ती आत आणली तर विजेला दार उघडून दिल्यासारखं आहे. जमल्यास शेवटचे ३०-४० मीटर एफआरपी (काचतंतू-प्लास्टिक) आधाराची केबल मागा, तिच्यात धातूच नसतो. दोन इमारतींमध्ये कॅट६ टाकलेली असेल तर ती काढा आणि दोन मीडिया कन्व्हर्टर लावून फायबर घाला.

वीज गेल्यावर चालायचं तर ओएनटी, राउटर आणि स्विच मिळून साधारण २५ वॉट होतात. यासाठी इन्व्हर्टरचा २३० व्होल्ट बनवून परत १२ करण्यात वाया जातं. १२.८ व्होल्ट २० एएचची लिथियम फॉस्फेट बॅटरी २५६ वॉट-तास देते, ८० टक्के वापरली तर आठ तास. चार्ज होताना ही बॅटरी १४.६ व्होल्टपर्यंत चढते, तेव्हा थेट जोडू नका. मध्ये स्थिर १२ व्होल्ट देणारा बक-बूस्ट कन्व्हर्टर हवाच.

---

मिरजोळे_काजू

मोठी मदत झाली. दोन प्रश्न. देवगडला दुसरी वाट काढायची कशी? मोबाइलची रेंज खरेदी केंद्रात जेमतेम आहे. खाडीपलीकडे सुमारे पाच किलोमीटरवर ओळखीच्या घरात वेगळ्या कंपनीचं फायबर आहे. आणि वेंगुर्ल्याची नोंद बघितली: एलओएस लाल लागतो तो लाइट गेल्यावर अडीच-तीन तासांनीच, दोन्ही ओएनटींवर.

---

खाडीकाठ

पाच किलोमीटर ५ गिगाहर्ट्झच्या रेडिओने आरामात जातं. ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्झ हे पट्टे आपल्याकडे २०१८ पासून परवान्याशिवाय वापरता येतात, ठरवून दिलेल्या ताकदीच्या मर्यादेत. ज्यांच्या घरून लाइन घ्याल त्यांच्या प्लॅनमध्ये ती बाहेर द्यायला परवानगी नसेल. तिथे तुमच्या फर्मच्या नावाने स्वतंत्र जोडणी घ्या.

पावसाची भीती या पट्ट्यात फारशी नाही. ताशी १०० मिलिमीटरच्या सरीतही किलोमीटरला एखादा डेसिबल जातो. कुणी ६० गिगाहर्ट्झचे रेडिओ सुचवले तर पाच किलोमीटरला घेऊ नका, त्याच सरीत त्यांचे किलोमीटरला २८-३० डेसिबल जातात. घात होतो तो झाडांनी आणि पाण्याने. मधोमध फ्रेस्नेल झोनची (दृष्टिरेषेभोवतीची जी जागा सिग्नलला मोकळी लागते तिची) त्रिज्या आठ मीटर येते, त्यातले निदान पाच मीटर मोकळे हवेत. म्हणजे दृष्टिरेषा माडाच्या शेंड्यावरून नुसती घसटून जाणं पुरत नाही. ओली झावळ तर सुक्या झावळीपेक्षा कितीतरी जास्त सिग्नल खाते. खाडीचं पाणी आरशासारखं सिग्नल परतवतं आणि भरती-ओहोटीला ती परतीची वाट बदलते, म्हणून लिंक दिवसातून ठरावीक वेळी कमजोर होते. एक टोक उंच आणि एक सखल ठेवलं की परतीचा ठिपका पाण्याऐवजी काठावरच्या झाडीत पाडता येतो. जोडणी ओहोटीला आणि भरतीला दोन्ही वेळा मोजा आणि १५ डेसिबल शिल्लक राहतील अशी डिश निवडा.

खाऱ्या हवेत आधी जातो तो आरजे४५. पीओईचा (लॅन केबलमधूनच दिलेल्या विजेचा) डीसी आणि मीठ मिळून पितळ-तांबं हिरवं पडतं. शील्डेड बाहेरची केबल, कनेक्टरवर डायइलेक्ट्रिक ग्रीस, वरून सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप, आणि नट-बोल्ट ३१६ स्टीलचे. साधं ३०४ किनाऱ्यावर डागाळतं.

मोबाइल तिसरी वाट म्हणून ठेवाच. ४जी राउटर आत ठेवू नका, छपराखाली पेटीत बसवा आणि दोन केबलींचा, एकाच दिशेला रोखलेला अँटेना लावा. आरएसआरपी (सिग्नलची ताकद) उणे ११० च्या आसपास असेल तर आधी तो उणे ९५ पर्यंत आणा, आणि एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल) १० च्या वर. ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झचा बँड झाडीतून बरा जातो, पण त्यावर गर्दी असते. २३०० वर वेग मिळतो, पण टॉवर दिसायला लागतो. राउटरमध्ये बँड लॉक करून दोन्ही मोजा. ई-वे बिल आणि ई-इनव्हॉइसला इतकं पुरतं.

---

ओएफसी_कुडाळ

वेंगुर्ल्याचं निदान झालंच मग. दोन्ही ओएनटी एकाच वेळी लाल, म्हणजे दोन्हींचे ओएलटी बहुधा एकाच खोलीत, एकाच बॅटरीवर आहेत. इथे नवी लाइन घेण्याआधी केबलवाल्याशी बोला. आठ पोर्टचा ओएलटी आणि त्याचा स्विच मिळून ८० वॉटच्या आसपास घेतात. १२ व्होल्ट १५० एएचची एक ट्युब्युलर बॅटरी इन्व्हर्टरमधली नासाडी धरूनही हजारेक वॉट-तास देते, म्हणजे बारा तास. ही बॅटरी तुमच्या खर्चाने घालून दिलीत तरी दुसऱ्या लाइनच्या वार्षिक भाड्याशी ताडून बघा. खोलीची चावी आणि बॅटरीतलं पाणी तपासायची जबाबदारी मात्र कागदावर त्याच्याकडे द्या. सोबतच सावंतवाडीकडची वाट मागत राहा, कारण बॅटरी कापलेली केबल जोडत नाही.

लीज्ड लाइन घ्यायचीच तर फक्त मिरजोळ्याला, आणि तीही सर्व्हर तिथेच ठेवणार असाल तर. सर्व्हर मुंबईला डेटा सेंटरमध्ये हलवलात तर तीही लागत नाही, दोन ब्रॉडबँड पुरतात. करारात ९९.५ टक्के असेल तर ते महिन्याला ३.६ तासांची सूट आहे, हे आधी ध्यानात घ्या. शिवाय रस्ता खोदाईत तुटलेली केबल त्या हिशेबात धरली जाते का, दुरुस्ती किती तासांत, आणि शेवटचा टप्पा फायबरचा की रेडिओचा, हे लेखी घ्या. पहिल्या मुद्द्यावर कंपनी ‘नाही’ म्हणाली, तर महामार्गाचं काम चालू असलेल्या पट्ट्यात त्या ९९.५ चा तुम्हाला उपयोग नाही. भाव पाडून घ्या किंवा घाटाने येणारी दुसरी कंपनी बघा.